भुयारात नोकरीला नसलेले मामा

मी मामांच्या कचेरीला पाच चांदण्या दिल्या आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

त्या दिवशी मामा डबा घरी विसरले होते. मामीने मला पिटाळलं. बस टेकडीपाशी थांबली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने डबा हातात घेतला, उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि "निरोप पोचेल" एवढंच म्हणाला. डब्याला निरोप म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून समोरच्या कट्ट्यावर टेकलो, तेवढ्यात फोन किणकिणला. मी कुठे बसलोय हे फोनमधल्या नकाशाला बरोबर कळलं होतं. त्याने मोठ्या आपुलकीने विचारलं, ही जागा तुम्हाला कशी वाटली?

आमच्या गावच्या शाळेत एक शिस्त होती. प्रश्न आला की उभं राहून उत्तर द्यायचं, येत नसलं तरी द्यायचं. मी पाचही चांदण्या पिवळ्या केल्या आणि खाली लिहिलं, "माझे मामा इथे बरीच वर्षं नोकरीला आहेत. पहारेकरी सभ्य. आत उन्हाळ्यातही गार असतं म्हणे. बाहेर बसायला सावली हवी."

आता यात माझं काय चुकलं? माझ्याआधी तिथे पुष्कळ जणांनी लिहून ठेवलं होतं. एकाने गाडी लावायला जागा नाही म्हणून दोनच चांदण्या दिल्या होत्या. एकाने मागचं लोखंडी दार गंजलंय, सरकारने लक्ष घालावं, अशी सूचना केली होती. एका जोडप्याने फाटकाला टेकून फोटो काढून घेतला होता आणि खाली बदामाची चित्रं टाकली होती. एवढी वर्दळ पाहिल्यावर मला काय स्वप्न पडणार होतं, की ही जागा मुळात नाहीच?

कागदोपत्री तिचं नाव भांडार कार्यालय क्रमांक दोन. म्हणजे मोडक्या खुर्च्या, जुने पंखे, असलं काही. बाकी सगळ्या जगाच्या लेखी ते भुयार. उद्या लढाई पेटली तर सरकारने कुठे बसायचं, म्हणून टेकडीच्या पोटात खणून ठेवलेलं. मी शाळेत होतो तेव्हाच एका वर्तमानपत्राने त्याचा उभा छेद छापला होता. कुठल्या खोलीत कोण झोपणार, कुणाच्या वाट्याला खिडकीचं चित्र रंगवलेली भिंत येणार, सगळं होतं त्यात. मग एका माजी मंत्र्याने आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात भुयाराला एक अख्खं प्रकरण दिलं. त्यात मुख्य तक्रार अशी, की आत ओल फार. टेकडीखाली 'भुयार सायकल दुरुस्ती' नावाचं दुकान आहे. बसचा कंडक्टर रोज ओरडतो, "चला, भुयारवाले उतरा!" तिथे भुयार आहे हे फक्त त्यात काम करणाऱ्यांना माहीत नसतं.

आमचे मामा त्यातलेच.

मामा हे माझ्या आईचे थोरले भाऊ. शहरात नोकरी लागल्यापासून मी त्यांच्याकडेच राहतो. अंगाने काटकुळे, बाह्यांची इस्त्री कडक, आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी एक टणक घट्टा. तो कशाने पडला हे घरात कुणी विचारत नसे. गल्लीतली पोरं त्यांना कुलूपकाका म्हणतात. मामांना ते ठाऊक आहे आणि त्यांना ते आवडतं, असा माझा संशय आहे. टीव्हीवर चुकूनमाकून भुयाराची बातमी लागली की मामा उठायचे, स्वयंपाकघरात जायचे आणि पाण्याच्या बाटल्या भरत बसायचे. बातमी संपली की येऊन बसायचे. बातमी लांबली तर बाटल्या ओतून पुन्हा भरायचे. मामी म्हणायची, "आमच्या घरात पाणी बातम्यांवर भरतं."

बसचं तिकीटसुद्धा ते भुयाराचं काढत नसत. ते नाव तोंडाने घ्यावं लागतं ना! म्हणून पुढच्या स्टॉपचं, पाण्याच्या टाकीचं तिकीट काढायचं, तिथे उतरायचं आणि मागे चालत यायचं. उन्हात, थंडीत, ताप असला तरी. कंडक्टर इतका सरावलेला, की मामा चढले की तोच ओरडायचा, "भुयारवाल्या मामांचं टाकीचं एक!" सगळी बस हसायची. मामा तिकीट घ्यायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

त्यांच्या कामाबद्दल मला जे काही कळलं ते खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टकाकूंकडून. काकू मामांच्याच कचेरीतून निवृत्त झालेल्या. त्यांनीही मामांसारखीच जन्मभराची शपथ घेतलेली, पण त्या शपथेला त्यांच्याकडे एक खिडकी होती. "मी काही बोलत नाही हं," असं म्हणून त्या सुरू करायच्या आणि चहा गार होईपर्यंत थांबायच्या नाहीत.

"मी काही बोलत नाही हं. पण तुझे मामा काय करतात सांगू? पेपर कापतात."

"म्हणजे?"

"कचेरीत वाचायला पेपर येतात की नाही? त्यात आपल्याबद्दल काही छापून आलं असेल तर तेवढं कात्रीने कापायचं. मग पेपर बाहेर ठेवायचा. भोकं पडलेला. कापलेला तुकडा कागदावर चिकटवायचा, वर 'गोपनीय' शिक्का मारायचा आणि कपाटात."

"पण काकू, तो पेपर तर फाटकाबाहेर विकायला असतो."

"असतो ना. आमचा शिपाई रोज त्यातच पाव बांधून आणायचा. मामा पावाखालचा कागदपण तपासायचे." काकू हसल्या, मग हसता हसता थांबल्या. "त्या मंत्र्याचं पुस्तक आलं तेव्हा काय झालं माहितीये? पुस्तक ठेवायचं होतं, प्रकरण ठेवायचं नव्हतं. फाडलं तर सरकारी मालमत्तेचं नुकसान. मग तुझ्या मामांनी सुईदोऱ्याने ती पानं शिवली. तीन बाजूंनी. वर लाखेचं सील. दिवसभर शिवत होते बिचारे. संध्याकाळी मी विचारलं, कशाला एवढं? म्हणाले, साहेबांनी सांगितलंय. आणि मी सांगते तुला, टाके इतके एकसारखे होते, की मला माझी शिवण आठवून लाज वाटली."

मामांना एकच मुलगी. माझी मामेबहीण, मी तिला ताई म्हणतो. ती लग्न होऊन परदेशात गेलेली. लहानपणी तिला शाळेत 'माझे बाबा' असा निबंध लिहायला सांगितला होता. तिने लिहिलं, "माझे बाबा सकाळी जातात आणि संध्याकाळी येतात." बाईंनी सांगितलं, अजून लिही. तिने खाली लिहिलं, "कधी कधी उशिरा येतात." मामी ही गोष्ट पाहुण्यांना विनोद म्हणून सांगते. ताई स्वतः ती कधीच सांगत नाही.

ताईला दिवस गेले आणि तिने फोनवर सांगितलं, "आई, तू तर येशीलच. पण या वेळी बाबा हवेत मला. शाळेच्या कुठल्या कार्यक्रमाला आले नाहीत, कॉलेजला सोडायला आले नाहीत. लग्नातसुद्धा अर्ध्यातून उठून गेले, ते का गेले हे अजून कुणाला माहीत नाही. या वेळी याच म्हणावं."

मामांनी त्याच आठवड्यात परवानगीचा अर्ज केला. त्यांच्या कचेरीतल्या माणसाला देशाबाहेर जायला परवानगी लागते. निवृत्ती तोंडावर आली होती, नोकरीभर एक डाग नव्हता, वरचे साहेब स्वतः म्हणाले होते, सही झाल्यातच जमा धरा. मामांनी तिकडच्या थंडीसाठी जाडजूड बूट आणले. नवे बूट चावतात म्हणून संध्याकाळी ते घालून घरातल्या घरात फेऱ्या मारायला लागले. खालून काकू ओरडायच्या, "अहो, छत पडेल माझं!" तर मामा चक्क हसायचे. मी त्यांना तसं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. बॅग पलंगावर उघडी पडलेली असायची आणि येता जाता ते त्यात काहीतरी ठेवायचे, काढायचे, परत ठेवायचे.

आणि मग माझ्या चांदण्या उगवल्या.

एका संध्याकाळी मामा आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले.

"तू एका ठिकाणाबद्दल काही लिहिलंस का?"

"कुठल्या?"

"एका."

मी मामीकडे पाहिलं. मामी माझ्याकडे. मला तेव्हा कुठे उजाडलं. "अहो मामा, ते होय! पुसून टाकतो की. हे बघा, एका बोटाचं काम."

"हात लावू नकोस." मामांचा आवाज चढला नाही, पण मी फोन खाली ठेवला. "पुसलंस तर पुरावा नष्ट केला असं होईल."

"मग ठेवू?"

"ठेवलंस तर उघड करणं चालू आहे असं होईल."

"मग करू काय?"

"काही करू नकोस. परवा आपल्याला दोघांना बोलावलंय."

मामी लाटणं हातात घेऊनच बाहेर आली होती. "अहो, कसलं उघड करणं? भाजीवालीला माहीत आहे तुम्ही कुठे जाता ते. परवाच विचारत होती, काकांचं भुयार पावसात गळतं का म्हणून."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, कांदे कसे दिलेस."

"बरं केलंस," मामा म्हणाले आणि बाटल्या भरायला उठले.

चौकशी टेकडीवर झाली नाही. नसलेल्या जागेची चौकशी तिथे कशी करणार? बाजारात चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर एक खोली होती, तिथे बोलावलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास, एक टेबल, तीन खुर्च्या आणि सर्दीने बेजार झालेले एक साहेब. माणूस वाईट नव्हता. सारखं नाक पुसत होते आणि दर वेळी माफ करा म्हणत होते. माझं लिखाण त्यांनी एका कागदावर छापून आणलं होतं, पण त्यातला जागेचा उल्लेख काळ्या शाईने झाकलेला होता.

"हे तुम्ही लिहिलंत?" त्यांनी मला विचारलं.

"हो. पण साहेब, माझ्याआधी बऱ्याच लोकांनी लिहिलंय. एकाने तर दाराचा गंज पण..."

"त्यांचे मामा तिथे नोकरीला नाहीत."

"म्हणजे?"

"त्यांनी लिहिलं ती अफवा. तुम्ही लिहिलं ती माहिती."

"पण वाक्य तर तेच आहे."

"वाक्य तेच आहे हो," साहेब दमलेल्या आवाजात म्हणाले, "तोंड वेगळं आहे. लोक काय, काहीही बोलतात. आपल्यातला कुणी हो म्हणाला की ते खरं ठरतं. म्हणून आपल्यातल्या कुणी हो म्हणायचं नाही. नाहीही म्हणायचं नाही. माफ करा." त्यांनी नाक पुसलं आणि मामांकडे वळले. "आपण या ठिकाणी काम करता का?"

"कोणत्या ठिकाणी?" मामांनी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही."

"मग मी उत्तर देऊ शकत नाही."

"बरोबर आहे." साहेबांनी ते लिहून घेतलं. त्यांचा चेहरा जरा उजळला. शिकवलेलं उत्तर पोराने बरोबर दिलं की मास्तरांचा उजळतो तसा. "आपण आपल्या भाच्याला कामाबद्दल कधी काही सांगितलंत?"

"नाही."

"घरात कुणाला?"

"नाही."

"मग याला कसं कळलं?"

इथे मामा थांबले. मी त्यांच्याकडे बघत होतो. उत्तर किती सोपं होतं! साहेब, सगळ्या गावाला माहीत आहे, तुम्ही स्वतः आज कुठल्या बसने आलात? पण तसं म्हणायचं म्हणजे गावाला जे माहीत आहे ते खरं आहे, असं म्हणायचं. मामा टेबलाच्या काचेखालच्या जुन्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"साहेब, मला कंडक्टरने सांगितलं," मी मध्येच तोंड घातलं. "रोज ओरडतो तो. मामांना तर नावानिशी हाक मारतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि मामा तेव्हा काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत. टाकीचं तिकीट घेतात."

"म्हणजे इतकी वर्षं त्यांच्यासमोर हे बोललं जातंय, आणि त्यांनी ते वर कळवलेलं नाही."

मामांनी डोळे मिटले. मला समजलं, मी सहावी चांदणी लावली.

जिना उतरताना मी म्हटलं, "मामा, मी गाढव आहे."

"आहेस."

"पण तुम्ही एकदा सांगून टाकायचं होतं. की बाबांनो, हे सगळं जगजाहीर आहे, कशाला माणसाला छळता? ताई वाट बघतेय तिकडे."

मामा पायरीवर थांबले. खाली दुकानदार कुणाला तरी चष्मा लावून अक्षरं वाचायला सांगत होता.

"अरे, मला कळत नाही का?" ते म्हणाले. "मी सकाळी कापतो तोच पेपर संध्याकाळी तुझी मामी फळीवर अंथरते. माझ्या हातातल्या या दोरीचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नाही, हे मला फार आधी कळलंय. पण मला धरायला दिलीय ना. आणि काही बांधलेलं नसलं म्हणून धरणाऱ्याचे हात दुखत नाहीत, असं नसतं." मग पुढची पायरी उतरत, "हे मी तुला काही सांगितलेलं नाही."

"नाही मामा."

परवानगी अडकली. चौकशी चालू असताना देशाबाहेर जाता येत नाही. मामीने तिकीट पुढे ढकललं, पुन्हा ढकललं, आणि शेवटी ताईचे दिवस भरत आले तेव्हा मामा म्हणाले, "तू जा." मामी कधी एकटी दुसऱ्या गावाला गेली नव्हती. ती दोन दिवस मामांशी बोलली नाही, माझ्याशी चार. विमानतळावर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांना बोलतं ठेव."

"कशावर बोलू?"

"कशावरही. हवापाण्यावर बोल. फक्त घरात आवाज राहू दे."

त्या रात्रीपासून स्वयंपाक माझ्याकडे आणि भांडी मामांकडे. मी करपवायचो आणि ते घासायचे. हवापाणी दोन दिवसांत संपलं.

मग एके दिवशी मामा आले आणि म्हणाले, "निकाल लागला."

"काय लागला?"

"ते मला सांगितलं नाही."

"म्हणजे?"

"निकाल गोपनीय आहे. तो वाचायचा तर माझ्या वरचा हुद्दा लागतो. लागलाय एवढं कळल्याची सही दिली मी."

मी काकूंकडे धावलो. काकूंनी ऐकलं आणि मान हलवली. "सुटले असतील रे. अडकले असते तर एव्हाना शिपाई आला असता घरी."

"मग परवानगी देतील ना आता?"

"मी काही बोलत नाही हं. पण परवानगीचं टेबल वेगळं. त्याला लेखी हवं, की चौकशी संपली. आणि चौकशीचं टेबल म्हणणार, चौकशी होती हेच आम्ही लेखी कसं देणार? ती गोपनीय होती." काकूंनी बशी सरळ केली. "तुझ्या मामांनी स्वतः अशी कागदं बांधून ठेवलीयत लोकांची. त्यांना सांगायला नको कुणी."

मामांना खरंच कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बॅग आवरून माळ्यावर टाकली होती.

ताईला मुलगी झाली. फोन दुपारी आला, सुटीच्या दिवशी. आधी मामी दिसली, रडून डोळे सुजलेले आणि तोंडभर हसू. मग फोन हलला, छत दिसलं, आणि मग ताई. तिच्या हातात एक कापडाची वळकटी आणि वळकटीतून डोकावणारं लालबुंद तोंड.

"बाबा, दिसतेय का?"

"दिसतेय, दिसतेय." मामा फोनच्या इतके जवळ गेले, की पलीकडे त्यांचं नुसतं कपाळ दिसत असणार. "नाक तुझ्या आईचं आहे."

"रडणं पण तिचंच आहे," ताई म्हणाली. मागून मामी काहीतरी ओरडली. तिघंही हसली. वळकटीने जांभई दिली.

मग ताईचा आवाज बदलला. "बाबा, नर्स विचारत होती, आजोबा आले नाहीत का. मी काय सांगू तिला?"

"तिकडे थंडी फार आहे का?"

"बाबा."

"नाही, बाळाला म्हणून विचारलं."

"आईने मला सगळं सांगितलंय. चांदण्यापण सांगितल्या. या दिवट्याचे कान मी तिथे आल्यावर उपटीन." हे मला उद्देशून होतं. मी फोनच्या कडेवरून जरा सरकलो. "मला सगळं माहीत आहे बाबा. लहानपणापासून माहीत आहे. वर्गातल्या पोरी मला भुयारवाली म्हणायच्या. मला नवीन काही कळायला नकोय. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय, एकदा. 'मला येऊ दिलं नाही.' एवढंच म्हणा. कुणी, का, काही सांगू नका. मी पुन्हा विचारणार नाही."

मामांचे ओठ उघडले. मी शेजारी होतो, मी बघितलं. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलेलं होतं. पण येऊ दिलं नाही म्हणायचं तर परवानगी अडली असं होतं, परवानगी अडली म्हणायचं तर चौकशी होती असं होतं, आणि चौकशी होती म्हणायचं तर ती जागा आहे असं होतं. त्यांचे ओठ मिटले. नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. मला वाटलं, उठतात आता बाटल्या भरायला. तिकडे ताईच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं आणि ती ते बाळाच्या अंगावर पडू नये म्हणून मान मागे घेत होती.

मला बघवेना. "ताई, त्यांचा गुडघा गं!" मी ओरडलो. "तुला काळजी नको म्हणून सांगत नाहीयेत. चालवतच नाही त्यांना. डॉक्टरने विमानात एवढा वेळ बसू नका म्हणून सांगितलंय."

ताई थबकली. "गुडघा? कुठला?"

"उजवा," मी म्हटलं. मामांचा हात नेमका डाव्यावर होता. त्यांनी तो हळूच उचलला आणि उजव्यावर ठेवला.

"खरंच बाबा?"

मामा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. ताईने खूप वेळ पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "शेक घेत जा." बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला.

मामा उठले, स्वयंपाकघरात गेले. नळाचा आवाज आला नाही. मी आत गेलो तर ओट्याला टेकून नुसते उभे होते.

"खोटं का बोललास?"

"मामा, ती रडायला लागली होती."

"मी तिच्याशी जन्मात खोटं बोललो नव्हतो." त्यांनी अंगठ्याचा घट्टा चोळला. "बोललोच नव्हतो फारसा, ते वेगळं. पण खोटं नव्हतं काही. आता एक झालं."

मी एक रिकामी बाटली उचलून नळाखाली धरली. एरवी माझ्या जिभेला हाड नसतं.

"मला तर सांगता येणार नाही," मामा म्हणाले. "तुझी काही शपथ नाही. सवडीने तिला खरं सांगून टाक. मी यायला निघालो होतो, बूट पण आणले होते, एवढं तुझ्या तोंडून गेलं तरी चालेल. देणं लागतोस तू तिचं."

"सांगतो," मी म्हटलं.

मामा निवृत्त झाले. परवानगीचं टेबल म्हणतं, निवृत्त माणसांचं टेबल तिसरं. मामी तिकडेच आहे, बाळ आता मान धरतं. ताईने तिकडून गुडघ्याला बांधायचा लवचीक पट्टा पाठवला. रविवारी फोनची वेळ झाली की मामा तो उजव्या गुडघ्यावर चढवतात आणि पाय थोडा ओढत येऊन बसतात. एकदा मी म्हटलं, मामा, बसलेल्या माणसाचा गुडघा फोनमध्ये दिसत नाही. ते म्हणाले, तिने पाठवलाय ना.

ताई कधी कधी मला एकट्याला फोन करते आणि विचारते, "खरंच गुडघाच ना रे?" दर वेळी मी ठरवून ठेवलेलं असतं. दर वेळी मागे बाळाचा आवाज येतो, नाहीतर मामी येते, नाहीतर माझंच तोंड मिटतं. मागच्या रविवारी तिने पट्टा नीट बसतो का म्हणून विचारलं. मी म्हटलं, जरा सैल होतो. तर तिने लहान मापाचा पाठवलाय म्हणे.